उंब्रियातील दोन रणांगणे

दिल्लीस बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या हिवाळ्यात दोन गोष्टी करतो. एक, जाड रजई विकत घेतो. आणि दुसरी, एखादा रविवार गाठून पानिपतास जाऊन येतो. आम्हीही गेलो होतो. काळ्या आंब्याच्या जागी उभारलेल्या स्मारकापाशी उभे राहून चहूकडच्या सपाट शेतांकडे पाहत असता आमच्या मनात जो पहिला विचार आला, तो सांगण्यास थोडा संकोच वाटतो. 'येथे पाहावयाचे काय?' असा तो विचार होता. किल्ल्याला बुरूज असतो, लेण्याला खांब असतात. रणांगणाला काय असते? १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते पुस्तकांतून डोक्यात भरून आम्ही तेथे गेलो होतो, आणि जमिनीने त्यात एका अक्षराचीही भर घातली नाही. परतीच्या गाडीत मात्र एक गोष्ट मनाला टोचत राहिली. सदाशिवरावभाऊंच्या देहाविषयीचा संशय महाराष्ट्रात वर्षानुवर्षे फिटला नाही, आणि त्या संशयाच्या आधारावर पुढे एक तोतया उभा राहून त्याने पुणे दरबारास घोर लावला. लढाई एका दिवसात संपते. पण जो परत आला नाही त्याचा हिशेब पुरा होण्यास किती वर्षे लागतात, हे जमिनीने नव्हे तरी त्या आठवणीने आम्हांस सांगितले.

तोच हिशेब मनात घेऊन २०२४ च्या जूनअखेर आम्ही इटलीस गेलो. सोबत आमच्याच शाखेतील एक गढवाली स्नेही होते. पाठीवर एकेक सॅक, पायांत मजबूत बूट आणि मुक्कामास स्वस्त वसतिगृहे, असा आमचा सरंजाम. सरकारी कारकुनास परदेशी जावयाचे तर आधी परवानगी लागते. हॅनिबलास सैन्यासह आल्प्स ओलांडण्यास पंधरा दिवस लागले, असे पॉलिबिअस म्हणतो. आमच्या रजेच्या फाइलीस दोन टेबले ओलांडण्यास त्याहून अधिक लागले. तथापि फाइल अखेर आली, आणि आम्ही निघालो.

सॅकमध्ये कपड्यांहून जड अशी दोन पुस्तके होती. एक पॉलिबिअसचे, दुसरे लिव्हीचे. या दोघांची ओळख येथेच करून देणे बरे, कारण पुढल्या वाटेवर ते आमचे खरे सोबती झाले. पॉलिबिअस हा ग्रीक गृहस्थ. इ. स. पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून तो रोमला आला आणि तेथे राहून त्याने आपल्या जेत्यांचा इतिहास लिहिला. हॅनिबल कोणत्या वाटेने आला हे समजून घेण्यासाठी तो स्वतः आल्प्स चढून गेला, आणि ज्यांनी तो काळ पाहिला होता त्यांस त्याने विचारले. जागा न पाहता इतिहास लिहिणाऱ्यांविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते. लिव्ही हा त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, ऑगस्टसच्या काळी लिहिणारा. तो आमच्यासारखाच बैठकीचा माणूस. जुन्या बखरी समोर घ्याव्या, ताडून पाहाव्या आणि सुंदर लिहावे, ही त्याची रीत. आपल्याकडे वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधीत पायी हिंडले, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा होता. पाय आणि कागद यांची अशी जोडी एकाच माणसात क्वचितच पडते. बहुधा एकाने चालावे आणि दुसऱ्याने लिहावे, अशीच विभागणी असते.

रोमहून दक्षिणेस निघालेली गाडी सुमारे दोन तासांत कासिनोस पोहोचते. स्टेशनाबाहेर येताच मान वर करावी लागते. डोंगराच्या माथ्यावर मोन्ते कासिनोचा मठ बसलेला आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापिलेला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी बाँब टाकून जमीनदोस्त केला. आज दिसतो तो युद्धानंतर पुन्हा जसाच्या तसा बांधलेला. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याची प्रतिष्ठापना केली. जानेवारी ते मे १९४४ या महिन्यांत या डोंगरासाठी चार लढाया झाल्या. त्यांतील मधल्या दोन लढायांत चौथी हिंदी डिव्हिजन याच उतारांवर झुंजली. मे महिन्यातील शेवटच्या लढाईत आठव्या हिंदी डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली. आणि १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या ढिगाऱ्यावर आपले निशाण लावले.

डोंगराच्या पायथ्याशी रोमन काळच्या कासिनम गावाचे अवशेष आहेत. रंगमंडल आहे, दगडी फरसबंदीचा जुना रस्ता आहे, आणि डोंगरउताराला टेकून बांधलेले एक आखाडामंडल आहे. हे मंडल आणि एक मंदिर उम्मिदिया क्वाद्रातिल्ला नावाच्या श्रीमंत स्त्रीने स्वखर्चाने गावकऱ्यांसाठी बांधले, असे सांगणारा शिलालेख सापडलेला आहे. इमारत बांधली आणि नाव कोरून ठेवले. एकोणीसशे वर्षांनी दोन हिंदी कारकून आले आणि त्यांनी ते नाव उच्चारले. स्वखर्चाने बांधणाऱ्याचे नाव दगडावर राहते, यात नवल नाही. आमचे काम दुसऱ्या प्रकारच्या नावांशी होते.

गावाबाहेर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची दफनभूमी आहे. हिरवळीवर एकाच मापाच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा. ४,२०० हून अधिक समाधी. मधोमध लांबट जलाशय, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस संगमरवरी स्तंभ. ज्यांचे देह मिळाले नाहीत, किंवा ज्यांस कोठे ठेवले ते कळले नाही, अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे या स्तंभांवर कोरली आहेत. हे स्मारक १९५६ मध्ये उघडण्यात आले. नावे पलटणीनुसार लावलेली. पलटणीत हुद्द्यानुसार, आणि हुद्द्यात वर्णानुक्रमाने. आमचे स्नेही गढवाल रायफल्सच्या स्तंभापाशी गेले आणि तेथेच थांबले. नेगी, रावत, बिष्ट अशी आडनावे ते हलक्या आवाजात वाचीत होते. कचेरीत वेतनपत्रक ताडताना ज्या आवाजात वाचतात, नेमक्या त्याच आवाजात. त्यांच्या घराण्यातील कोणी तेथे नव्हते. पण त्यांच्या खोऱ्यातील आडनावे होती, आणि त्यांस तेवढे पुरे झाले.

आम्ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा स्तंभ शोधला. तेथे नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे, आणि त्यापुढे व्हिक्टोरिया क्रॉसची अक्षरे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, माणगाव तालुक्याचे हे जवान. १९२१ चा जन्म, १९४४ चा मृत्यू. वय बावीस. ते कासिनोस पडले नाहीत. येथून कितीतरी उत्तरेस, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. देह न मिळाल्यामुळे नाव मात्र येथे आले. नाव एका ठिकाणी आणि मरण दुसऱ्या ठिकाणी, ही गोष्ट मनास बरी वाटेना. आम्ही नकाशा उघडला आणि उत्तरेची गाडी धरली.

टायबरच्या त्या खोऱ्याकडे जाताना उंब्रिया प्रांतात त्रासिमेनो सरोवर लागते. तेथे उतरण्याचे आम्ही घरूनच ठरविले होते, कारण इटलीतील सर्वांत प्रसिद्ध रणांगणांपैकी एक त्याच्या काठी आहे. सरोवर मोठे, पण उथळ. सर्वांत खोल जागी सहा मीटरच्या आसपास. उत्तर किनाऱ्यावर तुओरो नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या मागे टेकड्यांचा अर्धवर्तुळाकार कठडा, पुढे सरोवर, आणि मध्ये कोंडलेली सपाट जमीन. इ. स. पू. २१७ च्या जून महिन्यात याच कोंडीत एका सकाळी रोमचे एक पुरे सैन्य बुडाले.

झाले ते असे. हॅनिबल आदल्या वर्षी आल्प्स उतरून इटलीत आला होता, आणि हिवाळ्यात त्रेबिया नदीवर त्याने रोमनांचा पराभव केला होता. वसंतात दलदलीतून मार्ग काढताना त्याचा एक डोळा गेला. उरलेल्या एकाच हत्तीवर बसून तो त्या चिखलातून बाहेर पडला. त्याच्या वाटेवर कॉन्सल गाइअस फ्लामिनिअस तळ देऊन होता. हा फ्लामिनिअस सामान्य पुरुष नव्हे. सरदार घराण्यांचा विरोध मोडून त्याने गरीब नागरिकांस जमिनी देणारा कायदा करविला होता, आणि रोमहून उत्तरेस जाणारा प्रसिद्ध फ्लामिनिअन मार्ग त्याच्याच नावाचा आहे. सरदारांनी लिहिलेल्या इतिहासात त्यास उतावळा आणि देवांची पर्वा न करणारा ठरविले आहे. त्यात द्वेष किती आणि सत्य किती, हे आज निवडणे कठीण. परंतु एक चूक त्याच्या पदरी निश्चित पडते. हॅनिबल त्याच्या डोळ्यांदेखत गावे जाळीत पुढे निघून गेला, आणि हा पाठलागावर निघाला. सायंकाळी तो सरोवरापाशी पोहोचला. दुसऱ्या दिवशी पहाटे, पुढे टेहळे न पाठविता, त्याने सैन्य त्या अरुंद वाटेत घातले.

हॅनिबलाने रात्रीच आपली माणसे मांडून ठेवली होती. पुढच्या टोकाला उघड्यावर आफ्रिकी आणि स्पॅनिश पायदळ, म्हणजे रोमनांस दिसावे ते एवढेच. टेकड्यांच्या आड गोफणवाले आणि हलके सैनिक. वाटेच्या तोंडाशी घोडदळ आणि गॉल टोळ्या. पहाटे सरोवरावरून धुके उठले आणि सखल भागात दाटले; टेकड्यांच्या माथ्यावर मात्र ते विरळ होते. त्यामुळे वरच्यांस एकमेकांच्या खुणा दिसत होत्या आणि खालच्यांस शेजारचा माणूसही दिसत नव्हता. तिन्ही बाजूंनी एकदम आरोळी उठली. रोमन सैन्य कूचाच्या लांबट रांगेत होते. लढाईची रचना करण्यास त्यास अवसरच मिळाला नाही. सुमारे तीन तास कत्तल चालली. लढण्याच्या भरात त्याच वेळी झालेला मोठा भूकंपही कोणास जाणवला नाही, असे लिव्ही सांगतो. कित्येक सरोवरात गळ्याइतक्या पाण्यात शिरले आणि तेथे घोडेस्वारांनी त्यांस गाठले. आघाडीचे सहा हजार कोंडी फोडून टेकडीवर गेले. धुके फिटल्यावर त्यांनी मागे पाहिले, तेव्हा खाली त्यांचे सैन्य उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेही शरण आले. पंधरा हजार मेले, हा आकडा त्या युद्धाचा समकालीन लेखक फाबिअस याच्या आधारे दिल्याचे लिव्ही आवर्जून नमूद करतो. बैठकीचा माणूस असला तरी आकड्याखाली आधार लिहिण्याची शिस्त त्याच्यापाशी होती, हे कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही.

आम्ही पहाटेच तुओरोच्या मागील टेकडीवर गेलो. धुके नव्हते. उन्हाळ्याची स्वच्छ सकाळ होती. ऑलिव्हच्या बागा, धान्याची कापलेली शेते, पलीकडे रेल्वे आणि मोटारींचा मोठा रस्ता. रणांगणातून फिरण्यासाठी ठिकठिकाणी माहितीफलक लावलेली वाट आहे. तरीही लढाईची नेमकी जागा कोणती, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. सरोवराचा काठ त्या काळी कोठवर होता, यावर सारे अवलंबून. गावाजवळ सापडलेले काही खड्डे कोणी प्रेते जाळल्याचे मानतात, तर कोणी त्यांस चुन्याच्या भट्ट्या म्हणतात. जवळच सांग्विनेतो नावाची वस्ती आहे. नावात रक्त हा शब्द आहे. आणि तरी, पानिपतास जे आम्हांस झाले नव्हते ते येथे झाले. टेकडीवर उभे राहून खाली पाहताच ती लढाई कळली. बारा पाने वाचून जी कोंडी डोळ्यांपुढे उभी राहिली नव्हती, ती एका दृष्टिक्षेपात उभी राहिली. येथून खाली आलेल्यास परत जाणे नाही, हे समजण्यास सेनापती असावे लागत नाही. पॉलिबिअस का चालला, हे आम्हांस तेव्हा उमगले. पानिपतची जमीन मुकी नव्हती. तेथे आम्ही रस्त्यावरून उतरून चार पावलेही चाललो नव्हतो.

परंतु आमचे मन खिळले ते लढाईनंतरच्या दोन नोंदींवर. एक लिव्हीची. ती अशी, की लढाई संपल्यावर हॅनिबलाने फ्लामिनिअसचा देह अंत्यसंस्कारासाठी कसोशीने शोधविला. तो मिळाला नाही. शत्रूचा का असेना, तो कॉन्सल होता, आणि त्यास अग्नी देणे हॅनिबलाने आपले कर्तव्य मानले. दुसरी नोंद पॉलिबिअसची. हॅनिबलाची दीड हजार माणसे पडली, त्यांतील बहुतेक गॉल होते. आणि आपल्या मृतांपैकी सर्वांत वरच्या दर्जाच्या सुमारे तीस जणांस त्याने सन्मानाने पुरले.

दीड हजारांत तीस! उरलेल्यांचे काय झाले, हे सांगण्याची गरज पॉलिबिअसासही वाटली नाही. हे गॉल कोण होते? पो नदीच्या खोऱ्यातील टोळीवाले. रोमशी त्यांचे जुने वैर होते, म्हणून ते कार्थेजच्या निशाणाखाली लढले. कार्थेज त्यांनी कधी पाहिले नव्हते. परक्याच्या युद्धात अंगावर घाव घेतले त्यांनी, आणि विजय लिहिला गेला हॅनिबलाच्या नावावर. टेकडीवरच्या एका दगडावर बसून आम्ही हे बोलत होतो. आमचे स्नेही सहसा मितभाषी, ते एवढेच म्हणाले, "आपले लोकही असेच होते की."

त्या वाक्याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. ते बरोबर घेऊनच आम्ही पेरूजाकडे निघालो.

पेरूजाची मोठी एट्रुस्कन कमान इ. स. पू. तिसऱ्या शतकातील. तिच्यावर पुढे ऑगस्टसने आपले नाव कोरविले. अजस्र दगड चुन्याविना एकमेकांवर बसविलेले आहेत, आणि खालून आजही शाळेची मुले जातात. आम्ही तेथे फार थांबलो नाही. उंबर्तिदे गावापर्यंत वाहनाने गेलो आणि तेथून पायी निघालो. या उंबर्तिदेवर २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी टायबरवरील पूल पाडण्यासाठी बाँब टाकले. ते वस्तीवर पडले आणि अनेक निरपराध नागरिक मेले. मुक्त करणारे आणि मारणारे हात कधी कधी एकच असतात.

डाव्या-उजव्या हातास सूर्यफुलांची शेते, वर झाडीच्या टेकड्या, आणि पुढे एका टेकडीच्या माथ्यावर तटबंदीचे गाव. ते मोंतोने. पंधराव्या शतकात इटलीत गाजलेला भाडोत्री सेनापती ब्राच्चो याच गावच्या घराण्यातला; पैसा देईल त्याच्यासाठी लढणे हा त्या काळी सन्मानाचा धंदा होता. गावाची लोकसंख्या थोडी, गल्ल्या दगडी, खिडक्यांत फुले. त्रासिमेनोच्या रणांगणापासून हे ठिकाण सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आत आहे.

४ जून १९४४ रोजी रोम पडले आणि जर्मन सैन्य उत्तरेस, डोंगरातील नव्या संरक्षक फळीकडे, हटू लागले. हटताना प्रत्येक टेकडी ते लढवीत होते. टायबरच्या या वरच्या खोऱ्यात दहावी हिंदी डिव्हिजन त्यांच्या मागे होती. १० जुलै रोजी तिसऱ्या बटालियनच्या मराठा तुकडीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला केला. नाईक घाडगे यांच्या हाती एक सेक्शन होता. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधील सर्वजण मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते थांबले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबाँब टाकला. गन आणि गनवाला दोन्ही बंद पडले. एकास त्यांनी गोळी घातली. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांस त्यांनी दस्त्याने ठार केले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी त्यांस लागली. ठाणे हाती आले. सन्मानपत्रात हा सारा प्रकार थोडक्या वाक्यांत आहे. घडण्यासही काही क्षणांपलीकडे लागले नसावेत.

आता स्नेह्यांचे ते वाक्य. १९४४ च्या त्याच जुलै महिन्यात काँग्रेसचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. त्याच महिन्यात इंफाळच्या आघाडीवरून आझाद हिंद सेना पावसाचिखलातून माघारी फिरत होती, आणि तिच्या समोरही हिंदी सैनिकच होते. अशा वेळी माणगावचा एक तरुण इटलीतील टेकडीवर ज्या राज्यासाठी प्राण देतो, ते राज्य त्याच्या देशास बंदिवान करून बसलेले आहे. म्हणून आपल्या इतिहासास या माणसाचे काय करावे, हे फार काळ कळले नाही. स्वातंत्र्याच्या इतिहासात त्याला जागा नाही. साम्राज्याच्या इतिहासातली जागा आपल्यास नको. इटलीत हजारो हिंदी सैनिक कामी आले. ते बहुतेक या दोन इतिहासांच्या मधल्या फटीत पडून राहिले, तुओरोच्या त्या गॉल लोकांप्रमाणे.

परंतु पूर्ण तसे नव्हे, असे आम्हांस मोंतोनेत उभे राहून वाटले. फरक आहे, आणि तो वीरतेत नाही. गॉलही शूरच होते. फरक नोंदीत आहे. हॅनिबलाने तीस जणांस पुरले आणि बाकीच्यांची यादी केली नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने मात्र असे तत्त्व घातले, की हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताची नोंद सारख्याच रीतीने व्हावी. तत्त्व नेहमी पाळले गेले असे नाही. पहिल्या महायुद्धातील लाखाहून अधिक मृतांची, विशेषतः पूर्व आफ्रिका आणि ईजिप्तमधील माणसांची, नावे कोठेही लावली गेली नाहीत, अशी कबुली त्या आयोगानेच २०२१ मध्ये दिली. पण इटलीत तरी नाईक आणि शिपाई नावानिशी दगडावर आले. अग्निसंस्कार झालेल्या ५१७ हिंदी सैनिकांचे वेगळे स्मारक सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत आहे.

हे आपोआप होत नाही. कोठल्या तरी कचेरीत कोणी तरी पलटणींची पत्रके समोर घेऊन बसला असेल. हे नाव दोनदा आले, हे आडनाव चुकीचे लिहिले गेले, याच्या गावाचा पत्ता कोणता, असे तो पाहत गेला असेल. त्याचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही. आमच्या व्यवसायाविषयी अभिमान बाळगण्याचे प्रसंग थोडे येतात. तो एक आला, हे कबूल करावयास हवे. फ्लामिनिअसचा देह मिळाला नाही आणि घाडग्यांचाही मिळाला नाही. कॉन्सलचे नाव रस्त्यामुळे राहिले. नाइकाचे नाव राहिले, कारण कोणी तरी ते नीट लिहिले.

२०२३ च्या जुलैमध्ये मोंतोनेकरांनी आणखी एक पाऊल टाकले. तेथील नगरपालिका आणि इटालियन युद्ध-इतिहासकार यांनी भारतीय वकिलातीच्या सहभागाने घाडगे यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा तिच्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती. सावली तबकडीवरून सरकत होती. शेजारून जाणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आम्हां दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, स्मारकाकडे बोट केले, आणि प्रश्नार्थक मान हलविली. इटालियन आम्हांस येत नव्हते. आम्ही छातीवर हात ठेवून 'हो' अशा अर्थी मान डोलावली. बाईंनी आमचा हात क्षणभर धरला आणि त्या आपल्या वाटेने गेल्या. त्यांनी आम्हांस घाडग्यांचे नातलग समजले असावे. चूक दुरुस्त करण्याइतके शब्द आमच्यापाशी नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर इच्छाही नव्हती.

रात्री वसतिगृहात सॅक आवरताना मात्र एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमचे गाव चिपळूणकडचे. दरवर्षी रजेत मुंबईस उतरून एस. टी. ने गावी जाण्याचा आमचा परिपाठ. ती गाडी माणगावास थांबते. तेथे आम्ही चहा घेतो, वडा खातो आणि कंडक्टरची शिटी झाली की धावत गाडीत चढतो. त्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, हे आम्ही कोठे तरी वाचले होते. पंधरा-सोळा वर्षांत आम्ही एकदाही तो पाहावयास गेलो नाही; गाडी सुटेल, ही सबब प्रत्येक वेळी पुरेशी वाटली. कार्थेजच्या गॉलांची हळहळ करीत आम्ही तुओरोच्या टेकडीवर बसलो होतो, ते कोणत्या तोंडाने?

नाव लिहिणाऱ्याने आपले काम केले होते. चालावयाचे ते आमच्याकडे राहिले होते. दिल्लीस परतल्यावर आमच्या स्नेह्यांनी गढवालातील आपल्या गावी पत्र घालून, तेथून इटलीस कोणी गेले होते काय, याची विचारणा केली. उत्तराची ते वाट पाहत आहेत. आम्ही पुढील रजेचा अर्ज दिला आहे. या खेपेस तिकीट चिपळूणचे न काढता माणगावचे काढू. पुढची गाडी मिळेल तेव्हा मिळेल.